मनगटपट्टी आणि छायाचित्र : अमेरिकन करमणूक-उद्यानांतील प्रवेशपत्राचे स्थित्यंतर

प्रवेशपत्र ही वस्तू इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. काम संपताच ती फाडली अथवा फेकली जाते, हे त्याचे उघड कारण. तथापि करमणूक-उद्यानांच्या बाबतीत प्रवेशपत्राचा इतिहास हाच पाहुणा आणि व्यवस्थापक यांच्या संबंधांचा इतिहास आहे, असे म्हणण्यास पुष्कळ आधार सापडतो.

न्यूयॉर्कनजीक कोनी आयलंड येथे जॉर्ज टिल्यू याने १८९७ मध्ये स्टीपलचेस पार्क सुरू केले. तेथील संयुक्त तिकीट २५ सेंटांचे असे. हे वाटोळे तिकीट दोऱ्याने अंगावरील कपड्याला अडकवता येई व प्रत्येक खेळाच्या दाराशी त्याला एक छिद्र पाडले जाई. अंगावर बाळगण्याचे आणि भ्रमणाची नोंद ठेवणारे तिकीट, या अर्थाने पुढील मनगटपट्टीचे ते पूर्वरूपच होय. फरक एवढाच, आणि तो लहान नव्हे, की छिद्रांवरून कोणते खेळ झाले हे कळे; ते कोणी खेळले हे कळत नसे. शिवाय ही नोंद पाहुण्याच्याच अंगावर राही आणि त्याच्याबरोबरच घरी जाई.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ च्या जुलैत उघडले आणि त्याच वर्षी तेथे तिकीटपुस्तिका आल्या. खेळांची अ, ब, क अशी प्रतवारी होती. पुढे त्यात भर पडून १९५९ मध्ये सर्वांत वरची पाचवी प्रत निर्माण झाली. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन दारावर एकदाच मूल्य घेण्याची रीत रूढ झाली. या बदलाचे परिणाम दूरगामी ठरले. प्रत्येक खेळाचे वेगळे मूल्य नाहीसे होताच गर्दीचे नियमन करणारे साधनही नाहीसे झाले आणि पैशाची जागा वेळेने घेतली. रांग हेच आता मूल्य होते. १९९९ मधील ‘फास्टपास’ ही योजना त्यावरील उपाय होती. यंत्रात तिकीट सरकवावे, परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यावी व मध्यंतरी अन्यत्र फिरावे. तिकिटाची ओळख व घड्याळ यांची सांगड येथे पडली, हे पुढील घटनांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

छायाचित्रांची परंपरा मात्र वेगळ्या वाटेने आली. घसरगाडी उतारावर असताना बसविलेला कॅमेरा चित्र टिपी आणि बाहेर पडताना पडद्यांच्या ओळीत प्रत्येकाला आपला भेदरलेला चेहरा हुडकावा लागे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये २००४ साली ‘फोटोपास’ सुरू झाला. छायाचित्रकार क्रमांक असलेले एक कार्ड देई व त्या क्रमांकावर पुढे घरबसल्या चित्रे पाहता येत. दोन्ही प्रकारांत चित्र आणि माणूस यांचा मेळ घालण्याचे काम पाहुणा स्वतः करी, अथवा निदान त्याच्या जाणतेपणी ते होई.

हा मेळ यंत्राकडे सोपविला तो ‘मॅजिकबँड’ने. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील या योजनेचा प्रारंभ २००८ च्या सुमारास झाला. जानेवारी २०१३ मध्ये ‘मायमॅजिक+’ या नावाने ती जाहीर करण्यात आली व तिला सुमारे १०० कोटी डॉलर खर्च आल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. २८,००० हून अधिक खोल्यांची कुलुपे त्यासाठी बदलावी लागली. रबरी पट्टीत दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या. पहिली अल्प पल्ल्याची : पट्टी वाचकयंत्राला टेकवली की दार उघडे, देयक भागे, रांगेतील राखीव वेळ सिद्ध होई. दुसरी लांब पल्ल्याची : बारीक घटावर चालणारा प्रक्षेपक २.४ गिगाहर्ट्‌झवर संकेत सोडी व काही फुटांवरील ग्राहकयंत्र तो टिपी. पट्टीत नावगाव नव्हते. होता तो केवळ एक सांकेतिक क्रमांक. त्याचा अर्थ संस्थेच्या संगणकात होता.

या दोन व्यवस्था एकाच वस्तूत असल्याने त्यांतील भेद बहुतेक चर्चेत निसटला आहे. वस्तुतः सगळे मर्म तेथेच आहे. टेकवणे ही कृती आहे. तीत पाहुण्याची संमती, कितीही यांत्रिक असो, क्षणोक्षणी नव्याने व्यक्त होते. लांब पल्ल्याच्या संकेताला अशी कृती लागत नाही. गाडीत बसलेल्या माणसाची पट्टी वाचली जाई आणि उतारावरचे चित्र त्याने न मागता त्याच्या खात्यात जमा होई. ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या नौकासफरीच्या शेवटी फलकावर प्रवाशाचे नाव झळकून त्यास निरोप दिला जाई. ज्यास पट्टी नको त्यास अल्प पल्ल्याचेच कार्ड घेता येई. मग चित्र आपोआप येत नसे. नकाराचा मार्ग खुला होता, परंतु नकार देणाऱ्यास सोयीस मुकावे लागे. आणि सुट्टीत लेकराबाळांना घेऊन आलेला गृहस्थ सोय सोडील, ही अपेक्षा कोणी केली असेल असे वाटत नाही.

मॅसॅच्युसेट्सचे काँग्रेस-सदस्य एडवर्ड मार्की यांनी जानेवारी २०१३ मध्येच संस्थेचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांना पत्र लिहून बालकांच्या माहितीविषयी प्रश्न विचारले. आयगर यांचे उत्तर कमालीचे तिखट होते. सहभाग ऐच्छिक असून बालकांना उद्देशून व्यक्तिगत जाहिरात केली जात नाही, अशी संस्थेची भूमिका होती. ही भूमिका खरी धरली तरी प्रश्न उरतोच. मुलाच्या वतीने संमती पालक देतो. नोंद मात्र मुलाची होते. माहितीचा दुरुपयोग होतो की नाही यावर वाद झाला. ती मुळात कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न बाजूस पडला.

अन्य उद्यानांनी निरनिराळे हेतू पुढे ठेवले. डेन्मार्कमधील बिलुंडच्या लेगोलँडने २००४ मध्येच हरवलेली मुले शोधण्यासाठी संकेतपट्टी आणली होती. युनिव्हर्सल संस्थेने २०१७ मध्ये ऑरलँडो येथील व्होल्केनो बे या जलोद्यानात प्रत्येकास ‘टापूटापू’ पट्टी दिली. तिने रांगेचा क्रम लागे व छायाचित्रेही खात्यात जात. संध्याकाळी ती परत करावी लागे. ओसाकातील सुपर निंटेंडो वर्ल्डमध्ये २०२१ पासून पट्टी विकत घ्यावी लागते आणि ती खेळातील गुण मोजते.

डिस्नेच्या पट्टीचे महत्त्व पुढे ओसरले. जानेवारी २०२१ पासून हॉटेलातील पाहुण्यांस ती विनामूल्य देणे बंद झाले आणि तिची बरीच कामे भ्रमणध्वनीने उचलली. २०२२ मधील ‘मॅजिकबँड+’ प्रकाशते, थरथरते आणि तिला विजेवर भारित करावे लागते. ती आता बव्हंशी हौसेची वस्तू झाली आहे. पट्टीची निकड कमी झाली म्हणून ओळख पटविण्याचे प्रयत्न थांबले नाहीत. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये फ्लोरिडातील मॅजिक किंग्डमच्या प्रवेशद्वारावर महिनाभर एक ऐच्छिक चाचणी घेण्यात आली. तीत पाहुण्याचा चेहराच प्रवेशपत्राशी पडताळून पाहिला जात होता.