एका शब्दाच्या तीन परंपरा

माझा नातू संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा व्यवसाय करतो. परवां तो खिन्नपणें म्हणाला, "आजोबा, एक वरिष्ठ सांगतात, जगांतील वस्तु आहेत तशाच प्रोग्रॅममध्यें मांडा. दुसरे सांगतात, चित्रें काढूं नका, जबाबदाऱ्या वांटा. दोघेही 'ऑब्जेक्ट' पद्धतीचेंच नांव घेतात. खरें कोणाचें मानूं?" मीं आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविलेला, म्हणून त्याला या मतांची वंशावळच सांगितली. तीच आज आपणांपुढें ठेवतों.

मूळ घर नॉर्वेंतलें. ओले-योहान डाल व क्रिस्टेन नीगार्ड यांनीं ऑस्लो येथें १९६७ सालीं 'सिम्युला ६७' ही भाषा सिद्ध केली. बाहेरच्या व्यवहारांची प्रतिकृति यंत्रांत चालवावी, हा तिच्यामागील हेतु. म्हणून ऑब्जेक्ट म्हणजे वस्तूचें चित्र. सामाईक गुण मूळ वर्गांत ठेवून उपवर्गांस वारशानें द्यावे, ही युक्तीही तेथलीच.

दुसरी शाखा अमेरिकेंतील. ॲलन के यांनीं गणिताबरोबर जीवशास्त्राचाही अभ्यास केला होता. पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधनशाळेंत १९७२ पासून 'स्मॉलटॉक' घडली. के यांच्या मतें ऑब्जेक्ट म्हणजे शरीरांतील पेशी: आंतलें सारें झांकलेलें, व्यवहार केवळ निरोपांनीं. पहिल्या स्मॉलटॉकमध्यें वारसा नव्हताच!

तिसरी शाखा ब्यार्ने स्ट्राउस्ट्रप यांची. केंब्रिजला असतांना त्यांस सिम्युलाची मांडणी आवडली, पण तिचा संथपणा नडला. १९७९ मध्यें बेल प्रयोगशाळेंत त्यांनीं वेगवान 'सी' भाषेला वर्ग जोडण्यास आरंभ केला. १९८३ मध्यें तिला 'सी प्लस प्लस' हें नांव मिळालें. येथें मान वेगाला, आणि प्रोग्रॅम चालण्यापूर्वींच चुका पकडण्याला.

पुढें १९९४ मध्यें चौघा लेखकांनीं 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथांत वारशापेक्षां ऑब्जेक्टांच्या जोडणीला पसंती दिली, आणि वादाला नवें बळ मिळालें.

आतां पेढीचें उदाहरण घ्या. खतावणींतील खातें स्वतः कांहींच करीत नाहीं. व्याज कारकून आकारतो. चित्र काढणारा तसेंच लिहील. जबाबदारी वांटणारा म्हणेल, शिल्लक ज्याच्यापाशीं, व्याजही त्यानेंच आकारावें. दोघेही चुकत नाहींत. त्यांचे हेतु निराळे आहेत.

नातवाला मीं इतकेंच म्हटलें, "बाळ, नियम पाठ करण्यापूर्वीं तो कोणत्या गरजेंतून जन्मला तें विचार. तुझी गरज तीच असेल तर तो पाळ. नसेल तर नम्रपणें बाजूला ठेव." गुरूंचे मतभेद पाहून शिष्यानें घाबरूं नये, स्वतःच्या विचाराला तेथूनच आरंभ होतो.