धुळ्याची बदली, 1879

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक 1910 साली निघाले. त्यांचे पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. या दोघांच्या धुळ्यातल्या संसाराची आतली साक्ष याच पुस्तकात मिळते, आणि ती एका विधवेने पतीवरच्या अपार श्रद्धेने लिहिलेली आहे. म्हणून त्यातली स्तुती बाजूला ठेवून घटना तेवढ्या पाहाव्यात. पतीला न शोभणाऱ्या गोष्टीही रमाबाईंनी गाळल्या नाहीत. माझा विश्वास बसतो तो त्यामुळे.

लग्नाचेच घ्या. ऑक्टोबर 1873 मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. मुलगा विधवेशी लग्न लावील या धास्तीने वडिलांनी घाई केली आणि डिसेंबरात देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची 11 वर्षांची मुलगी सून म्हणून आणली. रानड्यांनी विरोध केला, पण शेवटी ते नमले. सुधारकांनी त्यांना दोष दिला, तो रास्तच होता. त्या मुलीला तर कोणी विचारलेही नव्हते.

तिला अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी पाटी-पेन्सिल देऊन शिकवायला सुरुवात केली. त्यापायी घरातल्या बायकांची बोलणी मात्र तिने खाल्ली. 1878 मध्ये नाशिकला बदली झाली आणि पुण्याच्या भरल्या घरातला हा जाच मागे पडला.

मे 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे इंग्रजांविरुद्धचे बंड पेटलेले असताना पुण्यातल्या बुधवार वाड्याला आणि विश्रामबाग वाड्याला आगी लागल्या. सरकारचा संशय रानड्यांपर्यंत पोचला आणि त्यांना तातडीने धुळ्यास धाडण्यात आले. तिथे त्यांचे टपाल फोडून वाचले जाई. बंडवाल्यांच्या नावाने पत्रेही येत. रानडे ती सरळ पोलिसांकडे पाठवत. जुलैत फडके पकडले गेले, पुढे संशय निवळला आणि 1881 च्या आरंभी रानडे प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट म्हणून मुंबईस गेले.

ही हकिगत पत्नीच्या आठवणींत तपशिलाने येते, हे मला फार मोलाचे वाटते. तेव्हाचा सरकारी नोकर अशी गोष्ट 17 वर्षांच्या बायकोपासून सहज लपवू शकला असता. रमाबाईंना मात्र ती ठाऊक होती. नाते बरोबरीचे झाले होते, असे यावरून म्हणता येणार नाही. शिकवणारे ते आणि शिकणाऱ्या त्या, हा क्रम पुढेही राहिला. पण वडिलांनी लादलेल्या बायकोजवळ रानडे आता आपली चिंता उघड करत होते, एवढे या पानांवरून मानता येते.