बॅसिलिका म्हणजे नक्की काय?

जुन्या गोव्यात रस्त्याच्या एका बाजूला बॉम जीझस बॅसिलिका आणि दुसऱ्या बाजूला से कॅथेड्रल. आकाराने से मोठं. मग बॅसिलिका हे भारदस्त नाव धाकट्याला का? या प्रश्नाने बरेच दिवस छळलं होतं, म्हणून या वीकेंडला थोडं खोदकाम केलं.

शब्द मूळचा ग्रीक. 'बासिलेउस' म्हणजे राजा, 'बासिलिके' म्हणजे राजाची. (सब्जाचं इंग्रजी नाव 'बेसिल', तेही याच घराण्यातलं!) गंमत म्हणजे रोमन लोकांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यांच्याकडे राजाच नव्हता, प्रजासत्ताक होतं. इ.स.पू. १८४ मध्ये थोरल्या केटोने रोमच्या फोरमलगत बॅसिलिका पोर्शिया बांधली. तिचा देवाधर्माशी संबंध नव्हता. अशा बॅसिलिका म्हणजे लांबलचक हॉल, आत खांबांच्या रांगा, आणि तिथे चालायचे ते खटले, सौदे, सावकारी. थोडक्यात कोर्ट आणि बाजार एकाच छपराखाली.

मग यात चर्च कुठून आलं? ३१३ साली सम्राट कॉन्स्टन्टाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. आता मोठी प्रार्थनास्थळं हवी होती, पण रोमन देवळाचा नमुना चालेना. ते देऊळ म्हणजे नुसता गाभारा, सभामंडपच नाही! आत देवाची मूर्ती, यज्ञवेदी आणि लोक बाहेर. ख्रिस्ती उपासनेला तर सगळी मंडळी आत जमायला हवीत. शिवाय जुन्या देवांची आठवणही नको. बॅसिलिकेचा हॉल आयताच सापडला. टोकाच्या अर्धगोल कोनाड्यात जिथे न्यायाधीश बसायचा, तिथे बिशप आणि धर्मगुरू बसू लागले. रोममधलं लॅटरनचं चर्च याच घाटाचं.

पुढे शब्दाचे दोन अर्थ झाले. वास्तुशास्त्रात बॅसिलिका हा इमारतीचा प्रकार: मधला भाग उंच, दोन्ही बाजूंना खांबांपलीकडे बुटके भाग, आणि वरच्या खिडक्यांतून उजेड. कॅथलिक चर्चमध्ये मात्र तो पोपने दिलेला मान. आणि कॅथेड्रल? ती बिशपची गादी. पोर्तुगीज 'से'चा अर्थही तोच.

म्हणजे गोव्याचं कोडं सुटलं. से ही आर्चबिशपची गादी. बॉम जीझस १६०५ मध्ये पूर्ण झालं, पण बॅसिलिकेचा मान मिळाला १९४६ मध्ये. आत बघाल तर बाजूचे भाग नाहीतच, एकच मोठा हॉल! म्हणजे मानाने बॅसिलिका, घाटाने नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीलाही १९५४ मध्ये हाच मान मिळाला. पुढच्या वेळी तिथे गेलात तर केटोच्या कोर्टाची आठवण जरूर काढा.