बसविणे आणि जुळविणे : १९५३ मधील एका पर्यायी गिअरबॉक्सचा इतिहास

यंत्रविद्येच्या इतिहासात शोधाला जे स्थान मिळते ते दुरुस्तीला मिळत नाही. एखादे यंत्र प्रथम कोणी व केव्हा घडविले ह्याची नोंद सर्वत्र आढळते. परंतु त्याचा एखादा भाग निकामी झाला वा दुर्मिळ झाला, तेव्हा त्याच्या जागी दुसरा कसा बसविला गेला, ह्याची वार्ता कारागिरांच्या स्मरणातच राहते. डेव्हिड एजर्टन ह्या इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ह्या उणिवेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि वापर, निगा व दुरुस्ती ह्यांचा इतिहास लिहिला गेला पाहिजे असे प्रतिपादन केले. प्रस्तुत लेखात त्या दिशेने एका मर्यादित प्रकरणाचा विचार करावयाचा आहे. एका मोटारीसाठी योजलेला स्वयंचलित गिअरबॉक्स मिळेनासा झाल्यावर त्याऐवजी दुसऱ्या मोटारीचा गिअरबॉक्स तीत बसविण्याची पाळी अमेरिकेतील जनरल मोटर्स ह्या कंपनीवर १९५३ साली आली. त्या प्रसंगावरून 'पर्यायी भाग' ह्या संकल्पनेचे स्वरूप बरेच स्पष्ट होते.

१

हायड्रामॅटिक हा गिअरबॉक्स जनरल मोटर्सने १९३९ साली, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींसाठी, बाजारात आणला. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला हा पहिला पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स होय. त्याच्या घडणीचे श्रेय मुख्यतः अर्ल थॉम्प्सन ह्या अभियंत्याकडे जाते. इंजिन व गिअर ह्यांच्यामध्ये क्लचऐवजी तेलाने भरलेले फ्लुइड कपलिंग होते : पाती असलेल्या दोन वाट्या समोरासमोर, एकीने तेल ढकलावे आणि दुसरीने त्या वेगाने फिरावे. गती संक्रमित करणे एवढेच ह्या कपलिंगचे कार्य. जोर वाढविण्याचे काम गिअरांकडे होते. पुढील गतीसाठी चार गिअर होते व त्यांची गुणोत्तरे अनुक्रमे ३.८२, २.६३, १.४५ आणि १ अशी होती. कोणता गिअर केव्हा पडावा हे मोटारीचा वेग आणि ॲक्सिलरेटरची स्थिती ह्यांवरून तेलाचा दाब ठरवीत असे.

ब्यूइक मोटारींत १९४८ पासून येऊ लागलेला डायनाफ्लो हा गिअरबॉक्स निराळ्या तत्त्वावर आधारलेला होता. त्यातील टॉर्क कन्व्हर्टर गती तर संक्रमित करीच, शिवाय जोरही वाढवीत असे. त्यामुळे नेहमीच्या चालण्यात गिअर बदलण्याचे कारणच उरत नसे. हायड्रामॅटिकच्या चालीत गिअर बदलल्याचे हिसके जाणवत, तर डायनाफ्लोची चाल अखंड परंतु काहीशी सुस्त असे. एकाच कंपनीच्या दोन विभागांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे शोधली होती, आणि प्रत्येक उत्तराभोवती त्या त्या मोटारीची उर्वरित रचना उभी होती.

२

मिशिगन राज्यातील लिव्होनिया येथे हायड्रामॅटिकचा कारखाना होता. सुमारे १५ लक्ष चौरस फुटांची ती इमारत एकाच छताखाली होती. आग अडविणाऱ्या भिंतींनी तिचे विभाग पाडलेले नव्हते, आणि तिच्या बऱ्याच मोठ्या भागात पाण्याचे स्वयंचलित फवारेही नव्हते. १२ ऑगस्ट १९५३ रोजी दुपारी गॅसच्या ज्योतीने नळ कापण्याचे काम चालू असता ठिणग्या खालच्या तबकात पडल्या. त्या तबकात गंजरोधक ज्वालाग्राही द्रव साचलेला होता. आग छतापर्यंत पोहोचली, पोलादी छतावरील डांबर वितळून खाली गळू लागले आणि काही तासांत सारा कारखाना भस्मसात झाला. ह्या दुर्घटनेत कामगारांचे प्राण गेले. औद्योगिक इमारतींच्या अग्निसुरक्षेचा विचार करणाऱ्यांना पुढे कित्येक वर्षे ह्या घटनेचा आधार घ्यावा लागला.

ह्या प्राणहानीसमोर मोटारींच्या उत्पादनाचा प्रश्न गौण वाटेल; तथापि दोहोंचे मूळ एकच होते. एका छताखाली सर्व यंत्रसामग्री एकवटल्याने उत्पादन स्वस्त झाले होते, आणि त्याच कारणाने आगीला अटकाव राहिला नव्हता. त्या कारखान्यावर ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक व पॉन्टिॲक हे कंपनीचे स्वतःचे तीन विभाग अवलंबून होते. शिवाय लिंकन, नॅश, हडसन आणि कैसर ह्या इतर कंपन्यांच्या मोटारींनाही तेथूनच गिअरबॉक्स जात. लिंकन ही तर फोर्ड ह्या मुख्य प्रतिस्पर्ध्याची मोटार. स्पर्धेच्या गोंगाटात न दिसणारे हे परस्परावलंबन एका दुपारीत उघडे पडले.

३

त्यानंतर काही आठवड्यांतच कॅडिलॅक व ओल्ड्समोबिल मोटारींत ब्यूइकचा डायनाफ्लो, तर पॉन्टिॲकमध्ये शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड बसविण्यास आरंभ झाला. डायनाफ्लो बसविलेल्या कॅडिलॅक मोटारींची संख्या सुमारे २८ हजार सांगितली जाते.

येथे मराठीतील दोन क्रियापदांचा भेद उपयोगी पडतो. एखादा भाग जागेवर 'बसतो' आणि तो शेजारच्या भागांशी 'जुळतो', ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. बसण्याचा संबंध जागेशी असतो, जुळण्याचा नात्याशी. कारखान्यापुढील खरी अडचण दुसऱ्या प्रकारची होती.

पहिली अडचण मागील बाजूची. ब्यूइक आणि त्या काळातील शेव्हरोले ह्या मोटारींत चाकांकडे जाणारा दांडा एका बंद नळीत असे, आणि चाकांचा पुढे ढकलणारा रेटा त्या नळीतूनच गिअरबॉक्सच्या आधारापर्यंत येई. कॅडिलॅक, ओल्ड्समोबिल व पॉन्टिॲक ह्यांत दांडा उघडा असून रेटा मागील पाट्यांच्या स्प्रिंगांवर येत असे. म्हणजे दोन्ही पर्यायी गिअरबॉक्स बंद नळीच्या मोटारींतून उघड्या दांड्याच्या मोटारींत येत होते. त्यांचा मागील भाग नव्या संबंधानुसार बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढील बाजूस, इंजिनाशी होणारा जोडही तसाच नव्याने योजावा लागला.

दुसरी अडचण जोराच्या वाटपाची. हायड्रामॅटिकचा पहिला गिअर इंजिनाचा जोर जवळजवळ चौपट करी. डायनाफ्लोचा कन्व्हर्टर तो फार तर अडीचपटीच्या आसपास नेई. त्यामुळे मोटार जागेवरून उचलण्याचा अधिक भार मागील आसाच्या गुणोत्तरावर पडतो. शिवाय कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळले जाऊन उष्णता निर्माण होते. ती इंजिनाच्या पाण्याकडे वाहून नेण्याची सोय करावी लागते. उलटपक्षी, हायड्रामॅटिकला गिअर बदलण्याची वेळ कळविणारी ॲक्सिलरेटरची सळई येथे निरुपयोगी ठरते.

तिसरी अडचण अक्षरांची आहे, आणि भाषाभ्यासकाला तीच विशेष उद्बोधक वाटेल. हायड्रामॅटिकच्या तबकडीवर एन, डीआर, एलओ आणि आर अशी चिन्हे असत. 'पार्क' दर्शविणारे पी त्यात नव्हते. मोटार उभी करून ठेवताना इंजिन बंद करून दांडी आर वर आणावयाची, म्हणजे चाके अडकत. डायनाफ्लोच्या तबकडीवर पी, एन, डी, एल, आर हा क्रम असे. दोन्हीकडे आर म्हणजे 'मागे'. परंतु एकीकडे त्या चिन्हाकडे चाके अडकविण्याचेही काम होते, दुसरीकडे ते काम पी कडे गेलेले होते. चिन्हाचे मूल्य त्याच्या शेजारच्या चिन्हांवरून ठरते हा सोस्यूरचा सिद्धान्त वर्गात आपण शब्दांच्या उदाहरणांनी समजावतो. येथे तो चालकाच्या हाताच्या सवयीतून प्रत्ययास येतो : कारण जुन्या सवयीने दांडी आर वर ठेवून उतरणाऱ्याला नव्या मोटारीत ती नि:शंकपणे सोडून जाता आली नसती.

४

हा पर्याय अल्पकाळच टिकला. जनरल मोटर्सने विलो रन येथील विस्तीर्ण कारखाना ताब्यात घेतला. दुसऱ्या महायुद्धात फोर्ड कंपनीने बी-२४ बॉम्बफेकी विमानांसाठी तो उभारला होता व युद्धानंतर तेथे कैसरच्या मोटारी तयार होत. आगीनंतर सुमारे तीन महिन्यांच्या आत तेथून हायड्रामॅटिक बाहेर पडू लागला. पुढे गिअरबॉक्सचे उत्पादन तेथे डिसेंबर २०१० पर्यंत चालू राहिले.

परंतु त्या अल्पावधीत बाहेर पडलेल्या मोटारी मागे उरल्या, आणि त्या आता जुन्या झाल्या आहेत. अशा मोटारीचा गिअरबॉक्स बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यापुढे पाठचिकित्सेतील एक परिचित प्रश्न उभा राहतो. १९५३ च्या कॅडिलॅकमध्ये ब्यूइकचा गिअरबॉक्स दिसताच तो मागाहून कोणी घुसडलेला प्रक्षेप आहे असे समजणे स्वाभाविक आहे. 'मूळ स्वरूप' साधण्याच्या हेतूने तो काढून हायड्रामॅटिक बसविला, तर ती मोटार आपल्या नमुन्याच्या वर्णनाशी जुळेल. मात्र स्वतःच्या इतिहासाशी तिचा मेळ राहणार नाही. कारण तिच्यापुरता डायनाफ्लो हाच मूळ पाठ होय. मागील जोड, पाण्याच्या नळ्या आणि तबकडीवरील पी हे अक्षर एकमेकांशी सुसंगत असतील, तर बदल कारखान्यातच झाल्याचा तो सबळ पुरावा समजावा. विसंगती आढळली तरच नंतरच्या हाताचा संशय घ्यावा.

ह्यावरून दोन निष्कर्ष काढता येतात. एक असा की, पर्यायी भाग हा केवळ रिकाम्या जागेची पूर्ती करीत नाही. तो शेजारच्या भागांची कार्ये नव्याने वाटून देतो, आणि ही वाटणी पूर्ण झाल्यावरच त्याला जुळला असे म्हणता येते. दुसरा असा की, ही नवी वाटणी यंत्राच्या अंगावर खुणा ठेवते, आणि त्या खुणा लिखित कागदपत्रांइतक्याच साधन म्हणून ग्राह्य आहेत. लिव्होनिया येथील कारखान्याची वास्तू उरली नाही. तिच्या अभावाची नोंद मात्र काही जुन्या मोटारींच्या तबकडीवर एका अक्षराच्या रूपाने राहिली आहे. दुरुस्तीच्या भरात ते अक्षर पुसले जाऊ नये, एवढी दक्षता कारागिराने घ्यावी आणि ते वाचण्याची तयारी इतिहासाच्या अभ्यासकाने ठेवावी.