शाळा आणि दुकान

श्रोतेहो, शाळा आणि नशेचं दुकान यांचं भांडण आजकालचं नाही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८० साली नगरपालिकेला पत्र लिहून दारूच्या दुकानांना विरोध केला. त्या वेळी ते स्वतः नगरपालिकेचे सभासद होते.

पुढं तर अजबच झालं. १९१९ च्या कायद्यानं शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती प्रांतांतल्या मंत्र्यांकडे आली. शाळांना पैसा हवा, आणि अबकारीचा पैसा येणार गुत्त्यातून! बाप प्यायला तर मुलगा शिकणार, असा तो हिशेब. १९३७ साली गांधीजींनी या विसंगतीवर बोट ठेवलं. त्याच वर्षी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शाळेचा खर्च भागवण्याचा विचार पुढं आला. १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदी कायदाही झाला.

पण शाळकरी पोरापर्यंत नशा पोचली ती पुडीतून. १९९० नंतरच्या दशकात मी शाळेत होतो, तेव्हा गुटख्याच्या माळा प्रत्येक टपरीवर लोंबत असत. नववीत आमच्या वर्गातल्या एकाच्या दप्तरात पुडी सापडली. गणितात तो आधीच मागं पडलेला. शाळेनं त्याचं नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून तो टपरीवरच बसू लागला. आम्ही दहावीच्या परीक्षेला निघालो, तेव्हा त्यानं तिथूनच हात हलवला.

पुडीमुळं शाळा सुटली, की शाळेत मन रमेना म्हणून पुडी आली? अभ्यासकांना दोन्ही गोष्टी घडताना दिसतात. लवकर व्यसन लागलेली मुलं शाळा अर्ध्यावर सोडण्याचा धोका अधिक. आणि अभ्यासात मागं पडलेली मुलं व्यसनाकडे वळण्याचा धोकाही अधिक.

२००३ च्या कायद्यानं अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास मनाई केली, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत ती विकण्यासही. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. हे योग्यच झालं. पण कायदा टपरी लांब नेईल. मुलाला वर्गात बसतं ठेवायचं काम गुरुजींचं आहे.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, दप्तरात पुडी सापडली तर ती जरूर काढून घ्या, घरच्यांना बोलवा, रागवासुद्धा. फक्त पोराचं नाव पटावरून काढू नका. संध्याकाळी त्याला अर्धा तास जवळ बसवून गणित शिकवा. आमच्या त्या सोबत्याला तेवढंच हवं होतं.