लायोल चाकूची कुळकथा

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात ऑब्राक नावाचे जे उंच, वाऱ्याने झोडपलेले पठार आहे, तेथील लायोल या लहानशा गावी १८२९ च्या सुमारास पिएर-जाँ काल्मेल याने घडविलेला मिटता चाकू आज श्रीमंतांच्या मेजावर विराजमान झाला असला, तरी त्याचे कुळ गुराख्यांचे आहे. त्यापूर्वी त्या मुलखात 'कापुशादू' हा लाकडी मुठीचा, न मिटणारा सुरा प्रचलित होता. हिवाळ्यात लाकूडकटाईसाठी कॅटलोनियात जाणाऱ्या मजुरांनी तिकडचा 'नवाखा' हा घडीचा चाकू पाहिला आणि या दोहोंच्या संयोगातून नवे रूप सिद्ध झाले, असे परंपरा सांगते.

पुढे १८४० च्या सुमारास त्यास टोच्या जोडला गेला, तो निव्वळ निकडीपोटी. ओला चारा अधाशीपणे खाऊन गाईचे पोट फुगले म्हणजे तिच्या डाव्या कुशीत छिद्र पाडून कोंडलेला वायू मोकळा करण्यावाचून गत्यंतर नसे, आणि विलंब झाला तर जनावर हातचे जाई. १८८० च्या सुमारास बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र आले, कारण ऑब्राकचे तरुण तोवर रोजगारासाठी पॅरिसच्या उपाहारगृहांत चाकरी करू लागले होते. मुठीच्या माथ्यावरील मधमाशी हे नेपोलियनने बहाल केलेले बिरुद होय, ही कथा मात्र ग्राह्य धरता येत नाही. तो १८२१ मध्येच निवर्तला, आणि मधमाशीचा शिरस्ता तर विसाव्या शतकातला.

या चाकूचे खरे वैभव, माझ्या मते, ती मधमाशी जिच्या टोकावर बसते त्या पोलादी कमानीत आहे. येथे खटक्याचे कुलूप नाही. कमानीच्या आतल्या अंगाचा बारीक उंचवटा पात्याच्या बुडाशी कापलेल्या खाचेत बसतो, आणि केवळ त्या दाबावर पाते स्थिर राहते. खाच किंचित खोल झाली तर चाकू मिटणे जिकिरीचे होते, उथळ राहिली तर पाते डळमळते. म्हणून कारागीर चाकू जुळवतो, सुटा करतो, कानशीचा एखादाच हात फिरवतो आणि पुन्हा जुळवतो. पात्याचे पोलाद धार धरण्याइतके कठीण हवे, कमानीचे मात्र लवून पुन्हा मूळपदी येईल इतके चिवट; दोहोंना पाणी देण्याचा हिशेब त्यामुळे वेगळा. त्यानंतर कमानीच्या पाठीवर कानशीनेच वेलबुट्टी कोरली जाते, आणि शिंगाच्या मुठीत पितळी खिळ्यांचा क्रूस बसवला जातो. असा चाकू सावकाश मिटावा, झटक्याने नव्हे, कारण धार कमानीवर आपटून बोथट होते.

पहिल्या महायुद्धानंतर हा उद्योग बहुतांशी तिएर या चाकूकारांच्या जुन्या शहरी गेला, जेथे द्युरोल नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या सहाणांपुढे फळीवर पालथे पडून कारागीर पाती पाजवीत आणि त्यांची कुत्री पायांवर बसून त्यांना ऊब देत. तेथे कामाची वाटणी होती: पाते एकाचे, मूठ दुसऱ्याची, जुळणी तिसऱ्याची. १९८७ मध्ये फिलिप स्तार्क याने आराखडा केलेला, छपरावर १८ मीटरचे पाते उभारलेला कारखाना लायोलमध्ये निघाला, तेव्हा कमानीपासून अखेरच्या खिळ्यापर्यंत संपूर्ण जुळणी एकाच हाताने करण्याची जुनी रीत तेथे पुन्हा रुजू झाली.