सुताराचा स्टॉप आणि मापाची मालकी



या व्यासपीठावरून आपण राज्यक्रांत्या ऐकल्या, साम्राज्यांचे उदयास्त ऐकले. आज मी आपणांस लाकडाच्या एका ठोकळ्याचा इतिहास सांगणार आहे. सुतारखात्यात त्याला नुसते 'स्टॉप' म्हणतात. एका मापाचे पन्नास तुकडे कापायचे असले, तर जाणता सुतार पन्नास वेळा मोजपट्टी लावीत नाही. पहिला तुकडा बेतून झाला की तो करवतीच्या आडव्या पट्टीला एक ठोकळा आवळतो. पुढचा प्रत्येक तुकडा ठोकळ्याला टेकवायचा आणि कापायचा. माप माणसाच्या डोळ्यातून निघाले आणि लाकडात जाऊन बसले. मग ते माप कोणाचे? सुताराचे, की ठोकळ्याच्या मालकाचे? या प्रश्नावर कारखान्यांतून दोनशे वर्षे मजुरीचे तंटे चालत आले आहेत.

इंग्लंडातील पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत तो प्रश्न लख्ख दिसतो. शिडाच्या युद्धनौकेवर दोर ओढायला कप्प्या लागत. ७४ तोफांच्या एका जहाजाला सुमारे हजार. नेपोलियनशी युद्ध चालू होते आणि आरमाराची गरज वर्षाला लाखाच्या घरात गेली होती. (त्याच आरमारासाठी आमच्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी सागवानी 'मिंडेन' बांधून १८१० साली पाण्यात लोटली, हे जाता जाता सांगतो.) एल्मच्या लाकडाचे कवच आणि आत लिग्नम व्हायटी या अतिकठीण लाकडाचे चाक, अशी ती कप्पी. ती करणे हे कसबी हाताचे काम. फ्रान्समधून परागंदा झालेल्या मार्क ब्रुनेलने १८०१ साली कप्प्या करण्याच्या यंत्रांचे पेटंट घेतले. आरमारी बांधकामांचे महानिरीक्षक सॅम्युअल बेंथॅम यांनी ती कल्पना उचलून धरली. आणि हेन्री मॉड्स्लेने चाळीसांहून अधिक यंत्रे घडवून दिली. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्प्या निघू लागल्या. जे काम पूर्वी ११० कसबी कामगार करीत, ते आता दहा साधे मजूर करू लागले.

यातली मेख पाहा. पहिल्या यंत्रात ठोकळा आवळताना त्यावर दाबाच्या खुणा उमटत. पुढच्या यंत्रांत त्या खुणांवरच ठोकळा बसे. कोणी काही मोजायचे नाही. खाच पाडणारे यंत्र तर खाच पुरी होताच आपण होऊन थांबे. अहो, 'थांबायचे केव्हा' हे कळणे यालाच तर कसब म्हणत होते! ब्रुनेलला एका वर्षाच्या बचतीएवढी रक्कम देण्यात आली. बचत म्हणजे काय, तर मुख्यतः शंभर माणसांची मजुरी.

तरीही मॉड्स्लेला शिव्या देणे मला जमत नाही. वूलिचच्या शस्त्रागारात बाराव्या वर्षी काडतुसे भरणारा हा पोरगा. तेथून सुतारखात्यात, मग लोहारखात्यात गेला. पुढे लंडनच्या जोसेफ ब्रामाकडे फोरमन झाला. आठवड्याला ३० शिलिंग मिळत. संसार वाढला म्हणून वाढ मागितली, ती नाकारली गेली, आणि १७९७ साली गडी नोकरी सोडून स्वतःच्या दुकानात उभा राहिला. मालकाने वाचवलेले ते चार शिलिंग फार महागात पडले असावेत!

मॉड्स्लेचे वेड होते स्क्रू. हत्यार हातात धरण्याऐवजी सरकत्या पकडीत बसवायचे आणि स्क्रूने सूक्ष्म पुढेमागे करायचे, ही पद्धत त्याने लेथवर पक्की केली. १८०५च्या सुमारास त्याने स्क्रूवर चालणारे मोजण्याचे एक उपकरण केले. दुकानात मापाचा वाद निघाला की अखेरचा निवाडा तेथे. म्हणून त्याचे नाव पडले 'लॉर्ड चॅन्सेलर'. त्याच दुकानात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरवण्याची योजना मांडली. व्हिटवर्थच्या पाव इंची, म्हणजे आपल्या दोन सुती बोल्टला इंचात २० आटे. अडीच फेरे फिरवा, एक सूत पुढे सरकला.

आता हाच बोल्ट ठोकळ्यात घालू. मुठीत मावेल असा सागाचा तुकडा घ्या. लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडा, एका तोंडाशी नट लाकडात घट्ट बसवा. हल्ली मिलिमीटरचे बोल्ट मिळतात. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टला एका फेऱ्यात एक मिलिमीटर, म्हणजे पाव फेऱ्यात पाव मिलिमीटर. बोल्टचे डोके तुकड्याकडे ठेवा आणि कानशीने मधे किंचित फुगीर करा, म्हणजे फिरवताना टेकण्याची जागा हलत नाही. माप जमले की चेकनट आवळा. ठोकळ्याची खालची कड तासून टाका, नाहीतर तेथे भुसा साचतो आणि माप खोटे होते. ठोकळा शिकंज्याने पट्टीला धरा. आणि गोल करवत असेल तर एक जपा : स्टॉपकडचा तुकडा पट्टीला पक्का धरलेला हवा. सुटा तुकडा स्टॉप आणि पाते यांत अडकला, तर पाते तो अंगावर फेकते.

असा एक स्टॉप एका फर्निचर कारखान्यातल्या आमच्या सभासदाने जेवणाच्या सुट्टीत, भंगारातून केला. चौकटीचे सांधे पटाशी न लावता बसू लागले. नगावर मजुरी होती, त्याची कमाई वाढली. दुसऱ्या महिन्यात कंपनीने नगाचा दर उतरवला! ठोकळा त्याचा, स्क्रू त्याचा, अक्कल त्याची. फ्रेडरिक टेलर हा काही युनियनवाल्यांचा मित्र नव्हे. पण कामगार मुद्दाम हात आखडता घेतो तो दर कापला जाईल या भीतीने, हे त्यानेही १९११ सालच्या आपल्या ग्रंथात मान्य केले आहे.

त्या गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी स्टॉप डब्यात घालून घरी नेला आणि पुन्हा मोजपट्टीवर काम सुरू केले. मी त्यांना म्हणालो, "काका, ठोकळा परत आणा, पण मशीनवर नको, टेबलावर आणा." वाटाघाटींत आम्ही कलम मागितले : कामगाराने स्वतः केलेल्या साधनाने उत्पादन वाढले, तर वर्षभर दराला हात लावायचा नाही. कंपनीने कलम मान्य केले, मुदत मात्र सहा महिन्यांची घातली.